बापाच्या रागाला वेसण : इफिसकरांस पत्र ६:१-४ वरील भाष्य

उपोद्घात

मुले कशी वाढवावीत यावर नव्या करारात सलग मजकूर शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातल्या पहिल्या चार ओव्या आणि कलस्सैकरांस पत्रातल्या दोन (३:२०-२१), एवढाच थेट उपदेश. बाकीचे उल्लेख ओघात आलेले. या चार ओव्यांवर रविवारच्या शाळेत मुलांना भरपूर ऐकवले जाते, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीनच ऐकवल्या जातात. चौथी ओवी पालकांसाठी आहे. ती वाचायला रविवारच्या शाळेत पालक बसलेले नसतात.

हे भाष्य संगमेश्वर डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. नगर, पुणे, मुंबई इथल्या ख्रिस्ती पालकाच्या पाठीशी मंडळी असते, रविवारची शाळा असते, तरुण संघ असतो, आणि मुलाला त्याच्याच वयाचे चार ख्रिस्ती सवंगडी मिळतात. रेल्वे, बँक, शाळा किंवा दवाखान्यातल्या नोकरीमुळे संगमेश्वरला येऊन राहिलेल्या कुटुंबाला यातले काही हाताशी नसते. उपासनेसाठी रत्नागिरी नाहीतर चिपळूण गाठायचे, आणि शास्त्री नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले की तेही राहिले. वर्गात ख्रिस्ती मूल एकटेच. अशा घरात धर्म मुलापर्यंत पोहोचतो तो आईबापांच्या बोलण्यातून आणि त्याहून अधिक त्यांच्या वागण्यातून. म्हणून इथे या ओव्यांचा कस लागतो.

संगमेश्वरचा हा रत्नागिरी जिल्हा ख्रिस्ती शिकवणुकीला अनोळखी मात्र नाही. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली बाणकोटला उतरले आणि त्यांनी या किनाऱ्यावर शाळा काढल्या. ‘फुलामुलांचे कवी’ नारायण वामन टिळक १८६१ साली याच जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. टिळक आणि लक्ष्मीबाई या दांपत्याला पुढे साक्षीला बोलावले आहे. त्यांचे घर आदर्श होते असा दावा नाही. लक्ष्मीबाईंनी ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये आडपडदा न ठेवता दाखवले आहे, म्हणून ते उपयोगी.

पाठाविषयी एवढेच सांगणे पुरे. पत्राच्या आरंभी असलेला इफिस गावाचा उल्लेख काही अतिप्राचीन हस्तलिखितांत आढळत नाही. त्यावरून हे पत्र एका शहरापुरते नसून गावोगाव फिरवून वाचण्यासाठी असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ते पौलाने स्वतः लिहिले की त्याच्या शिष्याने, हा वाद जुना आहे. आपल्या विषयाला त्याने बाध येत नाही. त्या काळी मंडळ्या कुणाच्या ना कुणाच्या घरात भरत, वेगळी इमारत नसे, हे मात्र ध्यानात ठेवावे. संगमेश्वरचे एकटे घर त्या वाचकांच्या फार जवळचे आहे.

वाचकाने नवा करार समोर उघडून ठेवावा. इथे ओव्यांचा आशयच दिला आहे.

ओवी १, आरंभ : मुलांना थेट हाक

ओवी मुलांना संबोधून सुरू होते. वाचताना आपण यावरून सहज पुढे जातो, पण त्या काळच्या वाचकाला हे खटकले असेल.

रोमन कायद्यात घरच्या कर्त्या पुरुषाची सत्ता मुलाच्या जिवापर्यंत पोहोचत असे. जन्मलेले मूल ठेवायचे की टाकून द्यायचे हे तोच ठरवी. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथे इसवी सनापूर्वी १ या वर्षी लिहिलेले एक पत्र उकिरड्याच्या ढिगाऱ्यांत सापडले. हिलारिऑन नावाचा मजूर कामासाठी अलेक्झांड्रियाला गेला आहे. मागे राहिलेल्या अलिसला तो लिहितो, की धाकट्याची काळजी घे, मजुरी हाती पडताच पैसे पाठवतो. आणि त्याच दमात पुढे सांगतो, की बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. हा माणूस क्रूर नाही. घरची ओढ असलेला, पैसे पाठवणारा, त्या काळचा साधा बाप आहे. म्हणून हे पत्र अंगावर येते. ज्या जगात मुलाचे असणे-नसणे बापाच्या एका ओळीवर ठरे, त्या जगात प्रेषित बापाला ओलांडून मुलांशी बोलतो आहे, आणि बापाच्या आधी बोलतो आहे.

पत्र मंडळीसमोर मोठ्याने वाचले जायचे. मुलांना हाक आहे, त्या अर्थी मुले तिथे बसलेली होती. यातून दोन गोष्टी निघतात. मुलांना उपासनेच्या वेळी अंगणात पिटाळू नये. घरी प्रार्थना असेल तर शास्त्रभाग वाचणे, गीत निवडणे, आजारी शेजाऱ्याचे नाव प्रार्थनेत घालणे, असे एखादे काम त्यांच्याकडे द्यावे. दुसरी गोष्ट, मुलाबद्दलची तक्रार मुलाशीच बोलावी. त्याच्यादेखत पाहुण्याला ‘याला जरा समजवा’ म्हणणे ही हाक नव्हे, चहाडी आहे.

ओवी १, मध्य : आज्ञापालन आणि त्याची हद्द

आईबापांचे ऐकावे, असे सांगून ओवी त्याला प्रभूची चौकट घालते. ही चौकट व्हॅटिकन हस्तलिखितासह काही जुन्या प्रतींत नाही. इतर तितक्याच जुन्या प्रतींत आहे. ती मूळची मानणारे अभ्यासक अधिक. कलस्सैकरांस पत्रात मात्र मुलांनी सर्व बाबतींत ऐकावे असे म्हटले आहे.

शंका : मग मुलाने आईबापांचे, आणि त्यांनी नेमून दिलेल्या मोठ्या माणसांचे, काहीही ऐकावे काय?

समाधान : नाही. दोन्ही पत्रांत आज्ञापालनाचे कारण प्रभू आहे, आणि जे कारण तीच मर्यादा. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईबापांना न सांगता यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहतो, त्यांना उलट प्रश्न करतो, आणि मग नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. तिन्ही गोष्टी त्याच वृत्तांतात आहेत. सुवार्तिकाला त्यांत विसंगती दिसली नाही.

व्यवहारात याचा अर्थ स्पष्ट सांगायला हवा, कारण मंडळ्यांमधून तो अनेकदा गुळमुळीत सांगितला जातो. कुणी मोठे माणूस, मग ते नात्यातले असो, शाळेतले असो की उपासना चालवणारे असो, मुलाच्या अंगाला नको तसा हात लावत असेल किंवा ‘आईला सांगू नको’ म्हणत असेल, तर त्याचे न ऐकणे हेच या ओवीचे पालन. मुलाला हे सहाव्या-सातव्या वर्षीच साध्या शब्दांत सांगावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा मंडळीलाही लागू आहे, आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलाला पाठ असावा. मंडळीची अब्रू राखण्यासाठी मुलाला गप्प बसवणारा पालक या ओवीचा आधार घेऊ शकत नाही.

ओवी १, अंत : कारण देणे

ओवी संपताना मुलांना कारण देते, की असे करणे न्याय्य आहे. प्रेषिताचा अधिकार मोठा, तरीही नुसत्या अधिकारावर तो भागवत नाही. ‘मी सांगतोय म्हणून’ हे उत्तर गाडीखाली जाऊ पाहणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला चालते. दहा वर्षांच्या मुलीला कारण द्यावे लागते, आणि कारण देता येत नसेल तर आपला नियमच एकदा तपासावा.

ओवी २ : मान, आणि तो कुणी कुणाला द्यायचा

आता दहा आज्ञांमधली आईबापांना मान देण्याची आज्ञा येते (निर्गम २०:१२, अनुवाद ५:१६). प्रॉटेस्टंट परंपरेत बहुधा ती पाचवी मोजतात, कॅथलिक परंपरेत चौथी. तिला वचन जोडलेली पहिली आज्ञा का म्हटले यावर बरीच चर्चा आहे. विशिष्ट आशीर्वाद जोडलेली पहिली, हा सरळ अर्थ पुरेसा आहे.

मूळ आज्ञा सीनाय पर्वताशी उभ्या असलेल्या मोठ्या माणसांना दिलेली होती, याचा विसर पडतो. तिचा पहिला रोख म्हाताऱ्या आईबापांना सांभाळण्यावर आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू या आज्ञेचा आधार घेतो तो मुलांना दटावण्यासाठी नव्हे. आईबापांना द्यायचा पैसा देवाला वाहिला असे सांगून हात झटकणाऱ्या मोठ्यांना तो धारेवर धरतो. म्हणजे या ओवीचा पाठ मुलाला द्यायचा तर तो आधी आपण गिरवायचा. आजीच्या औषधांचे पैसे कोण पाठवतो, सासूचा फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात काय बोलले जाते, दिवाळीच्या सुट्टीत आजोबांकडे जायचे म्हटले की बापाच्या कपाळाला आठी पडते का, हे मूल पाहत असते. ओवी पाठ म्हणून घेण्याला त्यापुढे फारसे वजन उरत नाही.

शंका : आजी-आजोबा हिंदू आहेत. घरात त्यांच्या देवाची पूजा चालते. मुलाने त्यांना मान कसा द्यावा?

समाधान : आज्ञेत आईबापांच्या धर्माची अट नाही, म्हणून मानालाही नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लेखनात याची चांगली उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने पहाटे जागे करून, मांडीवर घेऊन संस्कृत पाठ दिले. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहितानाही रमाबाई त्या आईविषयी कृतज्ञतेने बोलतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते, की मीठसाखरही धुऊन घेतली जाई. ‘स्मृतिचित्रे’त त्या हे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्यात वडिलांची हेटाळणी नाही. आपल्या घरातही हीच रीत ठेवावी. आपण काय मानतो ते मुलाला ठाम सांगावे. आजीच्या देव्हाऱ्याची टिंगल मुलाच्या तोंडी येऊ देऊ नये, आणि आपल्या तोंडून तर नाहीच नाही.

ओवी ३ : वचन, हमी नव्हे

आईबापांना मान देणाऱ्याचे कल्याण होईल, त्याला दीर्घायुष्य लाभेल, असे वचन इथे उद्धृत होते. जुन्या करारात त्याचा शेवट देवाने देऊ केलेल्या देशाच्या उल्लेखाने होतो. तो भाग प्रेषिताने गाळला आहे. त्याचे वाचक आशियाच्या शहरांत विखुरलेले, अनेक कुळांचे. कनानची जमीन त्यांना मिळणार नव्हती. वचन त्यांच्या मातीत लावताना त्याने ते तेवढे मोकळे केले. मग ते शास्त्री-सोनवीच्या काठीही लागू आहे.

इथे एक गैरसमज काढायला हवा. हे वचन म्हणजे सौदा नाही. चांगली मुले अकाली जातात, हे प्रत्येक कबरस्तान सांगते. चांगल्या आईबापांची मुले भलत्या वाटेला लागतात, हे शास्त्र स्वतःच सांगते. एलीच्या मुलांनी देवाच्या मंदिरात लाज आणली, आणि एलीने त्यांना आवरले नाही म्हणून त्याला बोल लागला (१ शमुवेल, अध्याय २ व ३). त्या घरात लहानाचा मोठा झालेल्या शमुवेलाने हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते, तरी त्याची मुलेही लाचखाऊ निघाली (१ शमुवेल ८:३). तिथे शमुवेलाला शास्त्र दोष देत नाही. मुलाला योग्य वाट लावली तर ते म्हातारपणीही ती सोडत नाही, अशा आशयाचे नीतिसूत्र (२२:६) आपण कर्जाच्या रोख्यासारखे देवापुढे धरतो. नीतिसूत्र हे अनुभवाचे सार असते; त्यात करारातली कलमे शोधू नयेत.

मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि उपासनेला जायचा थांबला, मुलीने लग्न धर्माबाहेर केले, अशा घरांना मंडळीत आधी चौकशांना आणि मग टोमण्यांना तोंड द्यावे लागते. ‘संस्कार कमी पडले’ हे वाक्य या ओवीतून निघत नाही. अशा पालकाने दार लावून घेऊ नये, फोन बंद करू नये, आणि प्रत्येक भेटीत धर्माचा विषयही काढू नये. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप मुलाच्या मागे दूरदेशी गेला नाही, पण घर मात्र त्याने मुलाला परत येता येईल असेच ठेवले.

ओवी ४, आरंभ : बापांनो

तीन ओव्या मुलांना सांगून झाल्यावर प्रेषित वळतो तो बापांकडे. दुसऱ्या ओवीत आई आणि बाप दोघेही होते; इथे एकटे बाप. मोशेच्या आईबापांसाठी इब्री लोकांस पत्रात (११:२३) ‘बाप’ असे अनेकवचनच वापरले आहे, त्यामुळे इथेही दोघे धरता येतील असे काही भाष्यकार म्हणतात. पण वर पाहिलेली रोमन सत्ता बापाच्या हाती होती. ज्याच्या हाती सत्ता, त्याला वेसण; हाच अर्थ संदर्भाला धरून आहे.

कोकणात या हाकेला एक वेगळी अडचण येते. बाप पुष्कळदा घरात नसतोच. तो मुंबईला चाकरमानी, नाहीतर जहाजावर, नाहीतर आखातात. हिलारिऑनप्रमाणे तो पगार झाला की पैसे पाठवतो, आणि आपले काम झाले असे समजतो. ओवी त्याला सोडत नाही. व्हिडिओ कॉलवर ‘गणितात किती मिळाले?’ एवढेच विचारणारा बाप मुलाच्या लेखी मुख्याध्यापक होतो. रोज ठरलेल्या वेळी, दहाच मिनिटे, मुलाने आज काय पाहिले ते ऐकावे, मग आपण आज काय केले ते सांगावे, आणि शेवटी एका वाक्याची प्रार्थना दोघांनी मिळून करावी. नेटवर्क गेले तर उद्या. पण ‘उद्या’ म्हटले की उद्या.

शंका : बाप ख्रिस्ती नाही, किंवा बापच नाही. मग?

समाधान : तीमथ्याचा बाप ग्रीक होता (प्रेषितांची कृत्ये १६:१). त्याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून (२ तीमथ्य १:५). प्रेषिताने या घराला उणे मानले नाही. तिथून निघालेल्या मुलाला त्याने आपला सोबती केला.

ओवी ४, मध्य : चिडवू नका

इथे या उताऱ्याचा गाभा आहे. बापाला पहिली सूचना मिळते ती काय करू नये याची : मुलांना चिडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्र कारणही देते, की नाहीतर मुले खचतील. प्रेषिताला मुलाच्या रागापेक्षा त्यानंतर येणाऱ्या मुकेपणाची भीती अधिक आहे. पायरीपायरीने मूल गप्प होते, आणि बापाला वाटते पोरगे शहाणे झाले.

ख्रिस्ती घरात मुले कशाने चिडतात याची यादी करायला दूर जावे लागत नाही. चुलत भावाशी तुलना. चार माणसांत पाणउतारा. दिलेला शब्द मोडणे. शिक्षा म्हणून स्तोत्र वीस वेळा लिहायला लावणे, म्हणजे त्या स्तोत्राचा जन्माचा कंटाळा. आणि खास आपल्यातला प्रकार, प्रार्थनेतून टोला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि बाप मोठ्याने म्हणतो, ‘प्रभो, याला अभ्यासाची सुबुद्धी दे, मोबाइलची सवय सोडव.’ मुलाला उलट बोलता येत नाही, कारण बोलणे देवाशी चालले आहे. देवाला मध्ये घालून केलेली ही कानउघाडणी मुलाला देवापासूनच दूर नेते. जे मुलाला सांगायचे ते डोळे उघडे ठेवून सांगावे. प्रार्थनेत मुलासाठी आभार मानावेत.

शंका : नीतिसूत्रांत छडीचा पुरस्कार आहे (१३:२४, २३:१३-१४). मग मारणे शास्त्रसंमत नव्हे काय?

समाधान : ती सूत्रे प्रेषिताला ठाऊक होती. मारण्याची मुभा बापाला कायद्याने होतीच. अशा बापांना लिहिताना तो छडीचे नाव काढत नाही, उलट हात आखडायला सांगतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम याने मुलांच्या संगोपनावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यातही तो बजावतो, की मुलाला सतत मारू नये, माराची सवय झाली की मूल मारालाच जुमानत नाही. त्या काळच्या मानाने हे पुष्कळ पुढचे होते. आज शाळेत मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्ध आहे. शाळेतल्या बाईंना जे करता येत नाही ते ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या घरात चालावे, हे पटवणे कठीण आहे.

टिळकांच्या घराची साक्ष इथे कामी येते. मुलांसाठी कोवळ्या कविता लिहिणारा, मुलांच्या ‘बालबोधमेवा’ मासिकात रमणारा हा कवी घरात शीघ्रकोपी होता, आणि लक्ष्मीबाईंनी ते झाकले नाही. त्याच पुस्तकात राग ओसरल्यावर ओशाळणारा, माघार घेणारा माणूसही दिसतो. रागीट बाप असतोच. ओवी त्याला स्वभाव बदलेपर्यंत थांबायला सांगत नाही. याच पत्रात दोन अध्याय मागे (४:२६) राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नये असे म्हटले आहे. ते घरात लावावे : ज्या दिवशी हात उठला किंवा जीभ सुटली, त्या रात्री मुलाच्या अंथरुणाशी जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणावे. पुढे ‘पण तूही…’ जोडू नये. बापाचा मान याने जात नाही. पाप, पश्चात्ताप आणि क्षमा हे तीन शब्द मुलाला प्रथम कळतात ते इथे.

ओवी ४, पुढे : शिस्त आणि शिकवण

नकारानंतर होकार येतो. मुलांना वाढवायचे ते दोन अंगांनी, अंगवळणी पडणारी शिस्त आणि तोंडाने दिलेली समज. प्रेषित तपशील देत नाही. तो अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथे घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलत राहायला सांगितले आहे. या चार वेळांत मंदिर नाही, याजक नाही. संगमेश्वरच्या पालकाला यातली एकही वेळ दुर्लभ नाही.

रीत कोणती? क्रिसोस्तोमची रीत आजही चालते. तो म्हणतो, संध्याकाळी मुलाला काइन आणि हाबेलाची गोष्ट सांगा, फक्त गोष्ट. काही दिवसांनी तीच गोष्ट मुलाकडून ऐका. ती पक्की झाली की तिचा बोध बोला. आईनेही ऐकावी. मग ज्या दिवशी मंडळीत ती गोष्ट वाचली जाईल त्या दिवशी मुलाला न्या. आपल्याला ठाऊक असलेले इतरांना नव्याने कळते आहे, हे पाहून मूल हरखते. आपल्याकडे मुलाला गोष्ट त्याच्या संगमेश्वरी बोलीत सांगू द्यावी. मुलगी काइनाला गावच्या भावकीतल्या माणसासारखा बोलायला लावेल. लावू द्या, गोष्ट कळल्याची ती खूण. धर्मकथा इथल्या माणसाच्या कानाला रुचेल अशा वळणाने सांगण्याची परंपरा थॉमस स्टीफन्सच्या ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’इतकी (१६१६) जुनी आहे.

अनुवादाच्या त्याच सहाव्या अध्यायात विसावी ओवी आहे : पुढे मुलगा या विधींचा अर्थ विचारील तेव्हा काय सांगायचे. दिलेले उत्तर नियमांचे नाही, सुटकेच्या गोष्टीचे आहे. संगमेश्वरात हा प्रश्न भाद्रपदात येतो, आणि उलट्या बाजूने येतो. चौथीतली मुलगी शेजारून मोदक खाऊन येते आणि विचारते, ‘आपल्याकडे गणपती का नाही?’ ‘आपण तसले करत नाही’ हे उत्तर तिला एकटे पाडते आणि शेजाऱ्याला हलके करते. आपण काय करतो, का करतो, आपल्या घरी येशूची गोष्ट कुठून आली, आजोबांनी की पणजीने ती कशी धरली, हे सांगावे. मग नाताळात करंज्यांचे ताट घेऊन तिलाच शेजारी पाठवावे.

शिमग्याला पालखी दारावरून जाईल, नमन-खेळ्यांत वर्गातली मुले नाचतील. कुठवर जायचे, प्रसाद घ्यायचा की नाही, यावर ख्रिस्ती कुटुंबांत एकमत नाही, आणि करिंथच्या मंडळीतही नव्हते (१ करिंथ, अध्याय ८ व १०). पौलाने तिथे दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला लावले. आईबापांनी आधी आपसांत ठरवावे, मुलाला एकच उत्तर द्यावे, आणि शेजाऱ्याचा अपमान होणार नाही असे शब्द मुलाच्या तोंडी द्यावेत. शाळेच्या दारात गोंधळलेल्या मुलाला नियमापेक्षा बोलायला एक सभ्य वाक्य हवे असते.

ओवी ४, अंत : प्रभूची

उतारा संपतो तो शिस्त आणि शिकवण कुणाची हे सांगून. ती प्रभूची. बापाची नव्हे, मंडळीची नव्हे, घराण्याच्या नावाची नव्हे.

म्हणून मूल घडवताना सक्तीला जागा उरत नाही. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपले सोवळे सांभाळून. टिळकांनी ते सांभाळू दिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने. नवऱ्याचा हक्क अबाधित असण्याच्या त्या काळात टिळकांना हे साधले, तर पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आपल्यालाही साधावे. त्याला शंका विचारू द्याव्यात. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण नातेवाईक जमताहेत म्हणून, किंवा धाकट्याबरोबर एकदम उरकता येते म्हणून ठरवू नये. तो ‘अजून नाही’ म्हणाला तर थांबावे, आणि थांबल्याचे उपकार दाखवू नयेत.

या उताऱ्याच्या आधी, ५:२१ मध्ये, सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे म्हटले आहे. नंतर, ६:९ मध्ये, धन्यांना आठवण दिली आहे की त्यांचाही धनी स्वर्गात आहे आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही. आपल्या चार ओव्या या दोहोंच्या मध्ये बसतात. मुलाला आज्ञा आहे, बापालाही आज्ञा आहे, आणि देणारा एकच. चार भिंतींच्या मंडळीवाचून राहणाऱ्या घरात या गोष्टीचा पुरावा एकच असू शकतो : आपले आईबापही कुणाचे तरी ऐकतात, हे मुलाला दिसले पाहिजे. ते दिसत असेल तर पहिल्या तीन ओव्या त्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत. दिसत नसेल, तर त्या सांगण्याचा अधिकार आपण अजून मिळवलेला नाही, आणि तो मिळवायला चौथीपासून सुरुवात करावी लागेल.